पुण्या-मुंबईहून परतलेल्यांना झेडपी शाळेत ठेवायचं आहे, सोय कशी लावावी?

पांधनरस्ता (यवतमाळ जिल्हा), 5 मे 2020

राम राम मंडळी. गाव अडीचशे उंबऱ्यांचं. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये गावी परतायची परवानगी निघाल्यापासून बाहेरचे पोरं परतून राहिले, काही पास घेऊन, काही भाजीच्या गाडीत बसून. आतापर्यंत 11 आले, अजून वीसेक येतील. गावातल्या पोरांनी फाट्यावर बाभळीच्या काट्या आणि दोन बंड्या (बैलगाड्या) आडव्या लावल्या. आलेल्यांना 14 दिवस शाळेत ठेवायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं. शाळेला तीन खोल्या आणि एक ऑफिस. दोन खोल्यांवर टीन, एकीवर स्लॅब. संडास दोन, टाकी कोरडी. ग्रामपंचायतीत टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरीचं) एक पोतं आहे. खोल्या कशा वाटाव्या, फवारणीचं प्रमाण काय, आणि शाळेशेजारचे म्हणतात "तिकडची हवा आमच्या घरात येते", त्यांना काय सांगावं?

गटप्रवर्तक_ताई

भाऊ, आधी त्या बंड्या बाजूला घ्या. रस्ता बंद दिसला की माणूस पांधनीनं रात्री येतो, गुपचूप घरात शिरतो आणि त्याची नोंदच होत नाही. शाळेतल्या 11 जणांपेक्षा त्या एकाचा घोर जास्त. शिवाय रात्री 108 ची गाडी काट्यात अडकली तर बाळंतिणीचं काय?

फाट्यावर मांडव टाकून तिथेच नोंदणीचा नाका करा. वहीत नाव, कुठून निघाला, कोणत्या तारखेला, कशात बसून आला, सोबत कोण होतं, मोबाईल नंबर. लिहिणारा एकच, पेन त्याच्याजवळच. सही-अंगठा घेऊ नका. ताप मोजायची गन असेल तर माणसाला आधी अर्धा तास सावलीत बसवा. 44 डिग्रीत मोटरसायकलवर आलेल्याचं कपाळ तापलेलंच असतं, गन उगाच ताप दाखवते आणि तिथेच आरडाओरडा सुरू होतो.

खोल्या वाटायच्या त्या येण्याच्या तारखेनुसार. दहा दिवस काढलेल्यांच्या खोलीत आज आलेला टाकला आणि तो पॉझिटिव्ह निघाला, तर सगळ्यांचे 14 दिवस पुन्हा पहिल्यापासून. एका घरचे, एकाच गाडीतून आलेले एका खोलीत चालतात. 20 बाय 20 फुटांच्या खोलीत चार कोपऱ्यांत चार अंथरुणं, फार तर मध्ये पाचवं. दोन अंथरुणांत सहा फूट. ऑफिस रिकामं करून ठेवा. कोणाला ताप, कोरडा खोकला, दम किंवा वास न येणं सुरू झालं तर त्याला तिथे हलवायचं आणि लगेच पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) फोन. 30 माणसं या शाळेत मावणार नाहीत. ज्याच्या घरी वेगळी खोली, वेगळा संडास आहे त्याला घरीच ठेवता येईल का, ते पीएचसीच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःच्या मनानं नको. आणि पहिल्या दिवशी स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून कोणाला सोडू नका, आजार अंगात नंतरही उमटतो.

जलसुरक्षक

टीसीएलचा हिशोब. चांगल्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. 1 टक्क्याचं पाणी करायला लिटरमागे 30 ग्रॅम, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 300 ग्रॅम. पोतं उघडं पडलेलं, ओल लागलेलं असेल तर ताकद गेलेली असते, तेव्हा 40 ग्रॅम धरा. बादली प्लास्टिकची, लोखंडाची नाही. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बाकीचं पाणी ओता, काडीनं ढवळा आणि अर्धा तास तसंच ठेवा. खाली चुना बसतो, वरचं निवळ तेवढंच वापरायचं. गढूळ पाणी पंपात घातलं की नोझल बसलंच म्हणून समजा.

हे पाणी फवारण्यापेक्षा फडक्यानं पुसा: कड्या, खिडक्यांचे गज, नळाच्या तोट्या, बाकं. 10 मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या, नाहीतर लोखंड गंजेल. रोज ताजं करायचं. कालचं पाणी कामाचं नाही. धूळ-शेण असेल तर आधी झाडून, धुऊन घ्या, कारण सगळा क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. संडास धुवायचं ॲसिड आणि टीसीएल एकत्र कधीच नको, विषारी वायू निघतो. हातात मोजे, तोंडाला दुपट्टा, आणि दार उघडं.

संत्राबाग_वरूड

आमच्या भागात संत्र्याचे ट्रॅक्टर ब्लोअर लावून अख्ख्या गावात सोडियम हायपोक्लोराईट मारलं. एका दिवसात गाव निर्जंतुक. तुम्ही फडकी घेऊन कुठे बसता, राजेहो?

जलसुरक्षक

भाऊ, फोटो झकास येतात, काम होत नाही. मातीच्या रस्त्यावर पडलेला क्लोरीन मातीत आणि उन्हात संपतो, आणि रस्ता चाटायला कोणी जात नाही. माणसांच्या अंगावर तर मुळीच मारू नका. डोळे, कातडी, छाती जळते, आणि केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 18 एप्रिलला तसं स्पष्ट बजावलं आहे. अजून एक: ज्या पंपातून तणनाशक नाहीतर बोंडअळीचं औषध गेलं, तो पंप शाळेच्या खोलीत नेऊ नका. तीनदा धुतला तरी पाईपात, वॉशरमध्ये औषध राहतं.

आणि पोतं रस्त्यावर उधळलंत तर जूनमध्ये विहिरीत काय टाकाल? हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम लागतं. गढूळ पाण्याला जास्त, म्हणून तासाभरानं ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरला का ते पाहणं) करायचीच. पहिल्या पुरात गॅस्ट्रो आला तर कोरोनाच्या नावानं रडायलाही वेळ मिळणार नाही. निम्मं पोतं कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवा.

टीनाखालचा

मे महिन्यात विदर्भात टीनाच्या खोलीत माणूस कोंडायचा म्हणजे कोरोनाआधी उष्माघात. टीनावर चुना मारा, दोन हात. चुन्यात थोडा फेविकॉल घाला म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. पऱ्हाटी-तुराट्या वर टाकू नका, शेजारी चूल असेल तर ठिणगी पुरे. कूलर खोलीच्या आत ठेवला तर तीच हवा सगळ्यांच्या तोंडावरून फिरते. तो खिडकीत बाहेरून लावा, बाहेरची हवा आत ओढू द्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

पाणी माणशी दिवसाला 40 ते 50 लिटर धरा, त्यातलं 5 लिटर प्यायचं. 15 जणांना हजार लिटरची टाकी रोज भरावी लागेल. पाईप कंपाउंडबाहेरून टाका म्हणजे भरणाऱ्याला आत जायचं काम नाही. दुपारी कोणाचं अंग कोरडं, तापलेलं आणि बोलणं असंबद्ध वाटलं तर "कोरोना असेल" म्हणून लांब उभे राहू नका. दुपट्टा बांधा, सावलीत घ्या, ओल्या कापडानं अंग पुसा, वारा घाला आणि तोवर दुसऱ्यानं 108 ला फोन लावावा.

पांधनरस्ता

लय उपकार. बंड्या आज काढतो. शेजाऱ्यांचं राहिलं. आणि आलेल्या पोरांच्या घरच्यांना चक्कीवर दळूनही देत नाहीत, काऊन तर म्हणे "तुमच्याकडून येईन". दुसरं, आतले पोरं खर्रा (सुपारी-तंबाखू घोटलेला) मागून राहिले.

गटप्रवर्तक_ताई

शेजाऱ्यांना सांगा, उघड्या अंगणातून, रस्ता ओलांडून हा आजार घरात शिरत नाही. धोका बंद खोलीत, जवळ बसून बोलण्या-खोकण्यात. हे दवंडीत नाही, त्यांच्याच ओट्यासमोर अंतर ठेवून, पोलीस पाटलाला सोबत घेऊन सांगा. ज्या घरच्यांची आलेल्याशी भेटच झाली नाही, त्यांचं दळण अडवायला काही कारण नाही. चक्कीवाला ऐकत नसेल तर डबा दारात ठेवून घ्यायचा, दळून परत दारात ठेवायचा, पण दळायचंच. शाळेतल्यांच्या नावांची यादी व्हॉट्सॲपवर फिरू देऊ नका. नाक्यावरची वही ग्रामपंचायतीजवळच राहू द्या.

बाकी एक गोष्ट रोखठोक सांगते. सरपंचाचा भाचा घरच्या कूलरमध्ये आणि मजुराचा पोरगा शाळेच्या टीनाखाली, असं एकदा दिसलं की तुमचा नियम त्याच दिवशी संपला. मग पांधनीनंच येतील सगळे.

जेवण घरून येऊ द्या. ताट-गिलास आतच ज्याचे त्याचे. घरचा माणूस गेटबाहेरच्या ओट्यावर डबा ठेवून मागे सरकेल, आतला येऊन आपल्या ताटात ओतून घेईल, रिकामा डबा घरी जाऊन साबणानं धुवायचा. खर्रा एका पन्नीतून चौघांनी काढायचा नाही, ही पहिली अट. एकाचं थुंकीचं बोट सगळ्यांच्या तोंडात जातं. घोटून देणाराही बाहेरचा नको. बंदच झाला तर उत्तम, पण जबरदस्तीनं तोडाल तर पोरगा रात्री भिंत उडी मारून टपरी शोधेल. कोपऱ्यात झाकणाचा डबा ठेवा, तळाशी टीसीएलचं पाणी. भिंतीवर थुंकला की भिंत त्यानंच धुवायची.