कर्बोदके, पिष्टमय पदार्थ की शर्करा?

समासचक्र
जीवशास्त्राची एक पुस्तिका मराठीत आणतोय, वाचक आठवी-नववीचे. एका वाक्यावर गाडी अडली आहे. आशय असा: झाडाच्या पेशीभित्तिकेतलं सेल्युलोज, झुरळाच्या कवचातलं कायटिन आणि आपल्या यकृतातलं ग्लायकोजेन हे एकाच, म्हणजे कार्बोहायड्रेटच्या कुळातले रेणू. मी ‘हे सगळे पिष्टमय पदार्थ’ असं लिहिलं, कारण आमच्या शाळेत तोच शब्द होता. तपासणाऱ्या बाईंनी शेजारी लाल शाईत ‘झुरळ पिष्टमय?’ एवढंच लिहून कागद परत धाडला. काय लिहू?

पोटफोड्या
बाईंशी सहमत. पिष्ट म्हणजे दळलेलं, पीठ. स्टार्चला पिष्ट म्हणा, हरकत नाही, पण स्टार्च हा कुळातला एक सभासद. शेंडेफळाच्या नावाने अख्खं घराणं कशाला ओळखायचं?

पेशीबाई
‘कर्बोदके’ लिहा आणि मोकळे व्हा. ‘पिष्टमय’ म्हटलं की मुलांच्या डोक्यात फक्त खायचं येतं, आणि या कुळाची निम्मी कामं खाण्याशी संबंधित नाहीतच.

स्टार्च आणि सेल्युलोज दोन्हीत निव्वळ ग्लुकोजच्या साखळ्या. फरक जोडणीत. स्टार्चमध्ये जोडणी अल्फा प्रकारची, त्यामुळे साखळी वळत जाते, तिचं वेटोळं होतं. आयोडीन टाकल्यावर गडद निळा रंग येतो तो या वेटोळ्याच्या पोटात आयोडीन जाऊन बसतं म्हणून. सेल्युलोजमध्ये जोडणी बीटा. दर पुढचा ग्लुकोज आधीच्याच्या मानाने उलटा, म्हणून साखळी सरळ. सरळ साखळ्या शेजारी शेजारी बसतात, हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात आणि चिवट तंतू तयार होतो. आपल्या लाळेतलं विकर (एन्झाइम) पहिली जोडणी तोडतं, दुसरीला ढिम्म हलवत नाही. आता या दुसऱ्याला पिष्ट कोणत्या तोंडाने म्हणायचं?

तिरकस
आणि ‘कर्बोदक’ कोणत्या तोंडाने? कर्ब अधिक उदक, म्हणजे कोळसा आणि पाणी. कुठल्या साखरेत पाणी असतं हो?

मोरचूद परीक्षानळीत तापवा. निळा खडा पांढरा पडतो, नळीच्या तोंडाशी थेंब जमतात. गार झाल्यावर त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा एक थेंब सोडा, पुन्हा निळं. याला म्हणतात उदक असणं. आता साखर तापवा. वितळेल, तांबूस होईल, मग काळी ठिक्कर. तिच्यावर बादलीभर पाणी ओता, साखर परत येत नाही. कारण आत पाणी नव्हतंच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन कार्बनच्या साखळीवर वेगवेगळ्या जागी टांगलेले होते, इतकंच.

पोटफोड्या
ती चूक मराठीची नाही, आयात केलेली आहे. कार्ल श्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १८४४ मध्ये जर्मनमध्ये हे नाव सुचवलं. तेव्हा रेणूची रचना ठाऊक नव्हती, फक्त घटकांचा हिशेब हाती होता. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. म्हणजे ६ कार्बन आणि ६ पाणी. हिशेब जुळला, नाव पडलं. पुढे कळलं की व्हिनेगरमधलं आम्लही याच हिशेबात बसतं (२, ४, २) आणि तरी ते या कुळातलं नाही. उलट डीएनएमधली डीऑक्सीरायबोज (५, १०, ४) बसत नाही, पण कुळातली आहे. झुरळाच्या कायटिनमध्ये तर नायट्रोजनही आहे. आपण ‘कर्बोदक’ केलं ते इमानदारीने केलेलं शब्दशः रूपांतर. कर्बावर उदक सोडलं ते जर्मनांनी.

शुद्धमती
इमानदारी कसली? ‘कर्ब’ म्हणजे कार्बनची शेपटी कापून त्याला धोतर नेसवलं आहे. कोशकार डॉ. रघुवीरांनी कार्बनला ‘प्रांगार’ हा शब्द दिला होता, तो कोणी वापरला नाही. मी म्हणते, ‘शर्करा’ आपल्या घरचा असताना ही उसनवारी का? एकशर्करा, द्विशर्करा, बहुशर्करा, सगळं सुटसुटीत. शास्त्रज्ञ ‘सॅकॅराइड’ म्हणतात तो शब्दही लॅटिन, ग्रीकमार्गे आपल्याच शर्करेच्या कुळातला. फारसी शकर, अरबी सुक्कर, सगळे तिचेच वंशज.

तिरकस
‘प्रांगार’ वाचून वाटलं एखाद्या राक्षसाचं नाव आहे.

पेशीबाई
शुद्धमतीताई, व्युत्पत्ती मान्य, सोय अमान्य. शर्करा म्हटलं की वाचणारा जिभेवर गोड चव शोधतो. झुरळाचं कवच बहुशर्करा? बाई दुसऱ्यांदा लाल शाई काढतील.

शुद्धमती
गोड हा अर्थ मागाहूनचा. संस्कृतात शर्करा म्हणजे आधी बारीक खडे, वाळू. सुश्रुताने मूतखड्याच्या कणांनाही शर्करा म्हटलं आहे, ते काय गोड होते? कडक, कणीदार असा मूळ अर्थ धरला तर कवचाला उलट चपखल बसतो. शिवाय रक्तगट घ्या. ए आणि बी गटांत फरक तो काय? तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला ए मध्ये एक शर्करा, बी मध्ये दुसरी, ओ मध्ये त्या दोन्हींपैकी एकही नाही. इथे पिष्ट चालत नाही, उदक चालत नाही, शर्कराच चालते.

पेशीबाई
रक्तगटाचा मुद्दा चांगला, वर्गात वापरीन. कवचाचा मुद्दा मात्र ओढूनताणून.

जुनाजाणता
कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? ग्लुकोज, फ्रुक्टोज, सेल्युलोज, सगळ्यांच्या शेवटी ‘ओज’ आहे! ओज म्हणजे तेज, शक्ती. शक्ती देणाऱ्या पदार्थाच्या नावात ओज यावं हा योगायोग नव्हे.

पोटफोड्या
योगायोगच आहे, काका. ‘ग्लुकोज’ १८३८ मध्ये फ्रेंचांनी ग्रीकवरून घडवला, मूळ शब्दाचा अर्थ द्राक्षांचा गोड रस. त्याचं शेपूट कापून बाकीच्यांना लावलं. आणि तुमच्या सेल्युलोजमधून माणसाला कसलं ओज मिळतं?

जुनाजाणता
गाईला मिळतं.

तिरकस
गाईलाही तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मेहेरबानीने. पण उत्तर आवडलं.

समासचक्र
मंडळी, यकृताचं राहिलंच. ग्लायकोजेनला ‘प्राणिज पिष्ट’ म्हणतात असं एका जुन्या पुस्तकात दिसलं. म्हणजे पिष्ट अगदीच हद्दपार नाही ना?

पेशीबाई
त्याला प्राणिज स्टार्च म्हणायची पद्धत होती खरी, कारण जोडणी तीच अल्फा. मात्र फांद्या कितीतरी दाट, साधारण दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर एक. विकरं टोकाकडून ग्लुकोज सोडवतात, त्यामुळे टोकं जास्त तितका पुरवठा झटपट. सुटा ग्लुकोज साठवला असता तर त्याने पेशीत पाणी ओढून घेतलं असतं. तो ग्लायकोजेनमध्ये गुंफून ठेवला की ही कटकट टळते.

शुद्धमती
‘तो ग्लायकोजेनमध्ये’? ग्लुकोज नपुंसकलिंगी आहे. ‘ग्लुकोज चढवलं’ म्हणतो आपण.

पेशीबाई
आमच्याकडे ‘ग्लुकोज चढवला’ म्हणतात.

तिरकस
मग डीऑक्सीरायबोज ‘ती’ कशी झाली वर?

पोटफोड्या
साखर ती, म्हणून.

समासचक्र
उद्या सकाळी प्रत छापायला जाते. कर्बोदके लिहितोय.

शुद्धमती
लिहा, पण अनेकवचन ‘कर्बोदकं’ की ‘कर्बोदके’ ते आधी ठरवा. आणि ग्लुकोज पुल्लिंगी म्हणणाऱ्यांनी सेल्युलोजचं लिंग सांगावं.