जुन्या प्रियसची मूळ बॅटरी : अजून किती वर्षं धरायची?

फ्रीमाँटकर
2010 ची टोयोटा प्रियस विकत घ्यायचा विचार आहे. तिसरी पिढी, 1.8 लिटर इंजिन, एकच मालक, 1,58,000 मैल. हायब्रिड बॅटरी कारखान्यातून आलेलीच आहे. कॅलिफोर्नियातली गाडी असल्यामुळे बॅटरीला 10 वर्षं किंवा 1,50,000 मैलांची वॉरंटी होती, ती दोन्ही बाजूंनी संपली. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, चालवून पाहिली तेव्हा काही खटकलं नाही.

अशी बॅटरी अजून किती चालेल? घेण्याआधी ती तपासता येते का, की नशिबावर सोडायचं? विकणारा म्हणतो की बॅटरी कधी गेलीच तर आतलं खराब मॉड्यूल (बॅटरीचा एक सुटा भाग) बदलून थोडक्यात काम होतं. हे खरं आहे का?

निकेल_हायड्राइड
मैलांपेक्षा वय आणि उष्णता जास्त बघा. मूळ पॅक, म्हणजे अख्खी हायब्रिड बॅटरी, साधारण 10 ते 15 वर्षं जातो, पण ही मर्यादा गाडीगणिक बदलते. कन्झ्युमर रिपोर्ट्सने 2011 मध्ये 2 लाख मैलांहून जास्त चाललेली 2002 ची प्रियस तपासली होती. तिची सरासरी 40.4 मैल प्रति गॅलन आली. जवळजवळ नव्या 2001 च्या गाडीची त्यांनी आधी मोजलेली सरासरी 40.6 होती. ती 2002 ची गाडी कमी वर्षांत खूप पळाली होती. 15 वर्षांत 70,000 मैल झालेली आणि ॲरिझोनाच्या उन्हात उभी राहिलेली गाडी मला तिच्यापेक्षा जास्त धोक्याची वाटते.

कारण पॅकच्या आत आहे. तुमच्या गाडीत निकेल-मेटल हायड्राइडची 28 मॉड्यूल्स एका रांगेत आवळून बसवली आहेत. प्रत्येकात 1.2 व्होल्टचे 6 सेल, म्हणजे 7.2 व्होल्ट. सगळी मिळून 201.6 व्होल्ट, 6.5 अँपिअर-तास, साधारण 1.3 किलोवॉट-तास. गाडी ही बॅटरी पूर्ण भरतही नाही आणि पूर्ण रिकामीही करत नाही, ढोबळमानाने 40 ते 80 टक्क्यांच्या मध्येच खेळवते. ती इतकी वर्षं टिकते ती यामुळेच. उष्णतेने मात्र सेलमधलं द्रावण हळूहळू सुकतं आणि अंतर्गत रोध वाढतो. रोध वाढला की तोच सेल आणखी तापतो. रांगेच्या मधल्या मॉड्यूल्सना हवा सगळ्यात कमी लागते, म्हणून बहुतेक वेळा तीच आधी जातात.

तपासता नक्की येते. ब्लूटूथचा चांगला ओबीडी-2 ॲडॉप्टर (गाडीच्या संगणकाची माहिती फोनवर दाखवणारं उपकरण) आणि डॉक्टर प्रियस हे ॲप घ्या. गाडीचा संगणक 28 मॉड्यूल्सना जोडीजोडीने 14 ब्लॉक मानतो आणि ॲपमध्ये प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज दिसतो. उभ्या गाडीत सगळे सारखेच दिसतील, त्यावर विसंबू नका. दुसऱ्या कोणाला तरी चालवायला सांगा, चढावर जोरात ॲक्सिलरेटर दाबायला सांगा, मग उतारावर लांब ब्रेक लावायला सांगा, आणि तुम्ही आकडे बघा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजच्या ब्लॉकमध्ये भाराखाली 0.2-0.3 व्होल्टचा फरक असेल तर पॅक ठीक आहे. 0.6 च्या पुढे गेला तर म्हातारपण सुरू झालं समजा. एकच ब्लॉक भार आला की 1.2 व्होल्टच्या आसपास खाली जात असेल तर त्यातला एक सेल गेला आहे. त्यानंतर पी0ए80 हा कोड (हायब्रिड बॅटरी बदला, असं सांगणारी संगणकाची खूण) यायला फार वेळ लागत नाही.

आणखी एक सोपी चाचणी. गाडी रेडीमध्ये (डॅशबोर्डवर READY, म्हणजे चालायला तयार) उभी ठेवा, एसी पूर्ण आणि हेडलाइट चालू. चार्ज वरून खाली येऊन इंजिन आपोआप सुरू होईपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. वापरता येणारी ऊर्जा अर्ध्या किलोवॉट-तासाच्या आसपास आहे. एसी दीड किलोवॉट खातो असं धरलं तरी चांगल्या पॅकला 15-20 मिनिटं लागायला हवीत. चार-पाच मिनिटांतच डॅशबोर्डवरच्या चार्जच्या पट्ट्या ढासळल्या आणि तितक्याच झटकन परत भरल्या, तर क्षमता उरलेली नाही. चाचणी गिअर D किंवा P मध्ये ठेवूनच करा. N मध्ये ही गाडी बॅटरी चार्ज करत नाही.

आणि त्याच ॲडॉप्टरवर रेडीनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का हे दाखवणारी यादी) जरूर बघा. ते «अपूर्ण» दाखवत असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले आहेत किंवा बॅटरीची वायर काढली आहे. दिवा नसणं हा अशा वेळी पुरावा ठरत नाही.

तार_आणि_पाना
मॉड्यूल बदलण्याबद्दल लिहितो, कारण या सल्ल्यापायी लोकांचे पैसे दोनदा जातात.

28 पैकी एक गेलं याचा अर्थ उरलेली 27 त्याच वयाची आणि तितकीच तापलेली आहेत. एक बदललं की चार-सहा महिन्यांत दुसरं जातं, मग तिसरं. बदललेलं मॉड्यूलही दुसऱ्या जुन्या पॅकमधून काढलेलं असतं. त्याची क्षमता शेजाऱ्यांशी जुळवली नाही तर ते वेगळ्याच पातळीवर भरतं आणि रिकामं होतं आणि पॅक आणखी असमतोल होतो. गाडी विकण्यापुरती चालवायची असेल तरच हा मार्ग. ती वापरायची असेल तर नवा पॅक घ्या. «रिकंडिशन्ड» पॅक स्वस्त दिसतो, पण आतली मॉड्यूल्स कोणत्या वर्षाची आहेत हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. टोयोटाच्या नव्या पॅकवर जुना पॅक परत केल्यावर मिळणारी अनामत असते, ती मोठी रक्कम आहे. म्हणून जुना पॅक कोणाला देऊन टाकू नका.

कोड आला म्हणजे पॅक गेलाच असंही नाही. दोन गोष्टी आधी बघायच्या.

पहिली, पंखा. पॅक केबिनमधल्या हवेने थंड होतो. मागच्या सीटच्या उजव्या कडेला, दाराजवळ, जी जाळी आहे तिथून हवा आत जाते. कुत्र्याचे केस, सीटच्या कापडाचा भुगा, मुलांनी सांडलेला खाऊ, सगळं तिथून पंख्याच्या पात्यांवर बसतं. कडेची गादी आणि डिकीतलं प्लास्टिक काढलं की थोडे 10 मिलिमीटरचे बोल्ट सोडून पंखा बाहेर येतो. पात्यांच्या मधल्या खाचांत करड्या नमद्यासारखा थर दिसेल. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम पुरतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, धूळ मॉड्यूल्सच्या फटींत जाऊन बसते. मूळ पॅक 12 वर्षांचा झाला आणि पंखा एकदाही उघडला नाही, असं असेल तर गाडी घेतल्यावर पहिलं काम हेच. जाळीसमोर पिशव्या ठेवायच्या नाहीत आणि उन्हाळ्यात मागे कोणी नसलं तरी एसी चालू ठेवायचा.

दुसरी, मॉड्यूल्स जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या. त्यांच्यावर काळा-हिरवट थर येतो, मोजमापाच्या तारांच्या टोकांवरही येतो, आणि संगणकाला चुकीचा व्होल्टेज दिसतो. पट्ट्या काढून व्हिनेगरमध्ये ठेवल्या, पाण्याने धुऊन पूर्ण वाळवल्या की तांबं परत उजळतं. तारांची टोकं गंजून खाल्ली गेली असतील तर नवा हार्नेसच (तारांचा जुडगा) लावा. नट 8 मिलिमीटरचे आहेत आणि फक्त 5.4 न्यूटन-मीटरने आवळायचे. टॉर्क रेंच नसेल तर हे काम करू नका. जास्त आवळलं की मॉड्यूलचा स्टड (नट बसतो तो खिळा) फिरतो आणि ते मॉड्यूल बाद होतं.

पॅक उघडण्याआधी : गाडी बंद, चावी दूर, 12 व्होल्ट बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग नारिंगी सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा) ओढून खिशात टाका, आणि 10 मिनिटं थांबा म्हणजे इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे होतात. प्लग काढला तरी प्रत्येक मॉड्यूल जिवंतच असतं आणि ती मालिकेत जोडलेली असतात. म्हणून 1,000 व्होल्टचे रबरी हातमोजे हवेत, अंगठी-घड्याळ नको, दोन टोकांना एकाच वेळी हात नको. डिकीचं दार मात्र उघडंच ठेवा. ते विजेने उघडतं. 12 व्होल्ट काढून दार लावलं तर मागून आत जायचा रस्ता बंद होतो. काम झाल्यावर प्लगचा दांडा शेवटपर्यंत बसवा. तो अर्धवट बसला तर इंटरलॉक (सुरक्षेचं सर्किट) पूर्ण होत नाही आणि गाडी रेडीवर येत नाही. मग लोक पॅकच खराब झाला समजतात.

इंजिनवाला_दादा
फ्रीमाँटकर, वरचं सगळं बरोबर आहे, पण 2010 च्या प्रियसमध्ये मला बॅटरीआधी इंजिनची काळजी वाटते. 2010 ते 2014 च्या 1.8 लिटर इंजिनांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) काजळीने बुजतो आणि हेड गॅस्केट (सिलिंडरच्या वरची सील) जाण्याचं प्रमाण मोठं आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. विकणाऱ्याला आधी गरम करू देऊ नका. पहिल्या काही सेकंदांत दाणदाण हादरली किंवा खडखडली, तर कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतोय असा संशय घ्या. कूलंटच्या टाकीची पातळीही पाहा. हेड गॅस्केटचं बिल नव्या पॅकइतकं किंवा त्याहून जास्त येऊ शकतं. बॅटरी उत्तम आणि कूलंट कमी, अशी गाडी सोडा.

कर्वेनगर_कॅमरी
इथेच विचारतो. पुण्यात 2014 ची कॅमरी हायब्रिड आहे, मूळ बॅटरी, 92,000 किलोमीटर. वापर कमी झालाय, आठ-आठ दिवस उभी असते. हेच नियम लागू होतात का? आणि 8 वर्षांची वॉरंटी म्हणतात ती हिला मिळते का?

निकेल_हायड्राइड
भारतात 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची हायब्रिड बॅटरी वॉरंटी टोयोटाने 2021 मध्ये आणली. तुमच्या गाडीच्या वेळी ती 3 वर्षं किंवा 1,00,000 किलोमीटर होती, त्यामुळे नाही मिळणार. तंत्र तेच आहे : 34 मॉड्यूल्स, 244.8 व्होल्ट, म्हणून ॲपमध्ये 17 ब्लॉक दिसतील. आठ दिवस उभी राहणं मोठ्या बॅटरीला जड नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा अर्धा तास किंवा 15-16 किलोमीटर फिरवायला टोयोटाच सांगते. महिनाभर उभी राहिली तर आधी मान टाकेल ती 12 व्होल्टची. ती कमजोर झाली की डॅशबोर्डवर वाटेल ते दिवे लागतात आणि दोष हायब्रिड बॅटरीवर जातो. सकाळी काही सुरू न करता मल्टिमीटर लावा : 12.6 च्या आसपास चांगली, 12.0 च्या खाली बदला. आणि पेट्रोल कधीच संपू देऊ नका. टाकी रिकामी झाल्यावर नुसत्या विजेवर गाडी ढकलत नेली तर पॅक इतका खाली जातो की गाडीला स्वतःचं इंजिन फिरवता येत नाही. यांना वेगळा स्टार्टर नाही.

तार_आणि_पाना
स्टार्टरचा हा शेवटचा मुद्दा फरकाचा आहे. जुन्या होंडा सिव्हिक हायब्रिडमध्ये 12 व्होल्टचा साधा स्टार्टरही होता, त्यामुळे मोठा पॅक मेल्यावरही गाडी कशीबशी चालायची. 2006-08 च्या सिव्हिकचे पॅक लवकर गेले म्हणून «हायब्रिडची बॅटरी पाच-सहा वर्षांत जाते» हे वाक्य पसरलं. प्रियस-कॅमरीला ते लावू नका.

फ्रीमाँटकर
सगळ्यांचे आभार. काल परत जाऊन तपासलं. गार इंजिन शांतपणे सुरू झालं, कूलंट वरच्या खुणेला, मॉनिटर सगळे पूर्ण. चढावर सगळ्यात खाली 7 नंबरचा ब्लॉक, फरक 0.5 व्होल्ट. एसीच्या चाचणीत इंजिन 11 मिनिटांनी सुरू झालं. पंख्याच्या जाळीत बोट घातलं तर करडा कापूस निघाला.

निकेल_हायड्राइड
मेलेली नाही, थकलेली आहे, आणि मधलाच ब्लॉक खाली आहे म्हणजे उष्णतेचं काम. पंखा साफ केल्यावर वर्ष-दोन वर्षं देऊ शकते, एखाद्या कडक उन्हाळ्यात आधीही जाऊ शकते. विकणाऱ्याला हे आकडे दाखवा आणि नव्या पॅकची बसवण्यासकट किंमत दोन ठिकाणी विचारून तिच्यातला निम्मा भाग भावातून कमी करायला सांगा. कमी झाला तर घ्या. घेतल्यावर पंखा त्याच आठवड्यात उघडा, आणि हीच 14 आकड्यांची नोंद त्याच चढावर दर तीन महिन्यांनी करा. 7 नंबरचा फरक 0.5 वरून 0.8 कडे सरकू लागला की कोडची वाट न बघता पॅक मागवा.