उजनी भरली म्हणजे माळ सावरला असे नाही

उजनी धरणावर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी येतात आणि शिवाराशिवारात मोर दिसतात, म्हणून सोलापूर जिल्ह्यात पक्षी वाढलेच आहेत, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे. निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. १९८०च्या सुमारास धरण पूर्ण झाल्यावर पाणपक्ष्यांना नवा अधिवास मिळाला, आणि मोर तर देशभरातच वाढल्याचे २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात नोंदले आहे. मात्र त्याच अहवालात उघड्या माळरानावरच्या पक्ष्यांची घट ठळकपणे मांडलेली आहे.

सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले ते माळढोकासाठी. हा पक्षी जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो, त्यामुळे एक वीण वाया गेली तरी हानी मोठी असते. आता तो तिथे दिसणे जवळपास दुरापास्त झाले आहे, याचे मला मनापासून दुःख वाटते. धाविक या माळावरच्या छोट्या पक्ष्याचेही तसेच आहे: चार पावले भरभर धावायचे, थबकायचे, वाकून किडा टिपायचा, आणि अंडी घालायची ती मुरमाच्या खड्यांत, जवळ जाऊनही ओळखू येणार नाहीत अशी. अशा जमिनीला ‘पडीक’ ठरवून तिथे गिरिपुष्पाची झाडे लावली की सावलीतले पक्षी वाढतात आणि धाविक, चंडोल, पखुर्डी हटतात. म्हणून पाणथळ, शेती आणि माळ यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.