शास्त्रातले शेत: देहाचे रूपक की खरीखुरी जमीन?

पोथीवाचक (फोंडा)

नव्याच्या पंचमीला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, दारावर बांधायला भाताची कणसे हवी होती, म्हणून बाजारात गेलो आणि आंब्याच्या पानांसकट बांधलेल्या दोन जुड्या विकत घेतल्या. आमच्या घराला शेत असे उरलेलेच नाही. परतताना प्रश्न पडला की, ज्याने एक दाणाही पेरला नाही, त्याच्या दारावर या कणसांना काय अर्थ?

माझे मत असे की, अर्थ शाबूत आहे, कारण शास्त्रांनीच शेत केव्हाच माणसाच्या आत नेऊन ठेवले आहे. गीतेचा तेरावा अध्याय शरीरालाच क्षेत्र, म्हणजे शेत, म्हणतो. कठोपनिषदात नचिकेता बापाला सांगतो की, मर्त्य माणूस धान्यासारखा पिकतो आणि धान्यासारखाच पुन्हा जन्मतो. बौद्ध सुत्तनिपातात तर कसिभारद्वाज ब्राह्मण बुद्धाला स्पष्टच ऐकवतो की, मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तूही तसेच कर. बुद्ध म्हणतो, मीही नांगरतो आणि पेरतो. श्रद्धा हे माझे बीज, तप हा पाऊस, प्रज्ञा हे माझे जू आणि नांगर. खरी पेरणी ही आतली आहे, बाहेरची तिची खूण आहे, असे मला वाटते. आपले मत वेगळे असल्यास अवश्य मांडावे.

बांधावरचा (डिचोली)

आपण वेचे चांगले निवडलेत, पण सोयीचे तेवढेच निवडलेत. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातले सत्तावन्नावे सूक्त क्षेत्रपतीचे, म्हणजे शेताच्या देवतेचे, आहे. त्यात ‘शुनं वाहाः शुनं नरः शुनं कृषतु लाङ्गलम्’ असे म्हटले आहे, म्हणजे बैल सुखाने चालोत, माणसे सुखाने राबोत, नांगर सुखाने नांगरो. पुढे सीतेला, म्हणजे नांगराच्या तासाला, वंदन करून चांगले फळ दे अशी विनवणी आहे. यात कसले रूपक आहे? नांगर हा नांगर आहे आणि बैल हा बैल आहे. दहाव्या मंडलात फाशांपायी बायको आणि घरदार गमावलेल्या जुगाऱ्याला सल्ला मिळतो तो ध्यान करण्याचा नव्हे, तर ‘कृषिमित्कृषस्व’, शेतीच कर, असा.

अर्थ आत नेण्याची घाई झाली ती ज्यांच्या हाताला नांगर लागला नाही त्यांना, असा माझा संशय आहे. मनुस्मृतीचा दहावा अध्याय तर शेतीला सज्जनांनी निंदिलेली वृत्ती ठरवतो, का, तर लोखंडी तोंडाचे लाकूड भूमीला आणि भूमीतल्या जिवांना मारते म्हणून! आणि तुमच्या त्या कसिभारद्वाजाकडे पेरणीच्या वेळी पाचशे नांगर जुंपलेले होते, असे तेच सुत्त सांगते. ते पाचशे नांगर धरणारी माणसे कोण होती, हे ना ब्राह्मण सांगतो, ना बुद्ध विचारतो.

पोथीवाचक (फोंडा)

पाचशे नांगरांचा आक्षेप मान्य. मात्र अर्थ आत नेणाऱ्यांना मातीची ओळख नव्हती, हे ज्ञानेश्वरीच्या बाबतीत टिकत नाही. शके 1212 च्या त्या ग्रंथात, तेराव्याच अध्यायात, हे क्षेत्र कोणाचे याबद्दल निरनिराळ्या पंथांचा वाद मांडला आहे. एक पक्ष म्हणतो की, जागा मुळात जीवाची आणि प्राण हे त्याचे कूळ. मन हा देखरेख करणारा कुळवाडी, तो ‘इंद्रियबैलांची पेटी’ जुंपून दिवसरात्र राबवून घेतो, विधीची वाफ, म्हणजे पेरणीजोग्या ओलाव्याची वेळ, चुकवतो, अन्यायाचे बी पेरतो, आणि मग पापाचे पीक येते ते जीवाला भोगावे लागते. दुसरा, सांख्यदर्शनाचा, पक्ष त्याला हटकतो की, जीव हा वाटेने जाताना उतरलेला वस्तीकर आहे, प्राण हा बलुतेदार आहे, आणि वतन आहे ते प्रकृतीचे. वाफ चुकवणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला हे लिहिता येणार नाही.

सत्तरीकर

या ओव्या वाचून गोव्याच्या माणसाला हसू येईल किंवा रडू येईल. जागा कोणाची, कूळ कोण, हा वाद आमच्याकडे मामलेदाराच्या कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या चालला. कूळ कायदा 1964 चा, आणि कसणाऱ्याला मालक मानणारी पाचवी दुरुस्ती 1976 ची. माझ्या आजोबांना ‘वस्तीकर’ म्हणणारा भाटकार, म्हणजे जमीनदार, होता, तो काही सांख्यदर्शन वाचलेला नव्हता. एवढेच सांगून थांबतो.

मानशीकाठी (तिसवाडी)

आतापर्यंतच्या प्रतिसादांत शेत एका माणसाचे धरले आहे, मग तो देहधारी जीव असो की कूळ. आमचे खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली सामाईक भातजमीन, असे नसते. बाहेरच्या बांधाने खाडीचे खारे पाणी अडवायचे, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदरवाजाची, लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. पहिल्या पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाल्यावरच भात पेरायचे. एकाने आपला वाफा कितीही राखला तरी बांध दहा हात फुटला की सगळ्यांचे पीक जाते. आमच्या वाड्यावर मानशीच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलावातला हक्क, घेतलेल्याने मासळीसाठी दार भरतीलाही उघडे ठेवले, आणि मागची तीन वर्षे पन्नासेक वाफ्यांत भाताऐवजी खारट गवत उगवते आहे. आमच्यापैकी कोणाच्या इंद्रियबैलांनी काय चुकवले होते?

म्हणून मला गीतेतल्या क्षेत्रापेक्षा क्षेत्रपतीच्या सूक्ताचा पहिला शब्दसमूह जवळचा वाटतो: ‘क्षेत्रस्य पतिना वयम्’. क्षेत्राच्या पतीसंगे आम्ही जिंकतो. तिथे ‘अहम्’ नाही, ‘वयम्’ आहे. पोथीवाचकांनी आतला अर्थ जरूर धरावा, पण त्या आतल्या शेताला शेजाऱ्याचा वाफा लागून नाही, ही त्याची उणीव आहे.

पोथीवाचक (फोंडा)

‘वयम्’ माझ्या ध्यानात आले नव्हते. तरीही आतला अर्थ सोडायला मी तयार नाही, कारण दार उघडे ठेवणाऱ्याच्या मनात आधी काहीतरी पेरले गेलेच होते.

बांधावरचा (डिचोली)

ते त्याला दंड ठोठावणाऱ्यांनी बघावे. तुम्ही कणसे विकत घेतलीत यात मला काहीच वावगे दिसत नाही. ती कोणाच्या शेतातली, हे विक्रेतीला विचारलेत का?

पोथीवाचक (फोंडा)

नाही. जुडीची किंमत तेवढी विचारली.