सर्कशीचे पास वाटले तर बिघडलं कुठं?

सात_रस्ता
परवा सोलापूर शहरातल्या प्राणीमित्रांच्या एका गटानं लिहिलं, की एका माजी नगरसेवकानं वाढदिवसाला वस्तीतल्या पोरांना सर्कशीचे पास वाटले, तंबूत जाऊन उंटाशेजारी फोटो काढला, म्हणजे त्यानं ‘क्रूरतेला राजाश्रय’ दिला आणि आता त्यानं जाहीर माफी मागावी. वाचल्यापासून डोकं तापलंय. मी त्या माणसाला कधी मत दिलेलं नाही, पुढंही देणार नाही. पण हे अति झालं.

वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेनं बंद झाले. सर्कसवाले भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २००१ मध्ये तिथंही हरले. २०११ मध्ये लहान मुलांना कामाला ठेवणंही कोर्टानं बंद केलं, ते बरंच झालं. आता तंबूत उरलंय काय? झुल्यावरच्या मुली, जोकर, सायकलवाले, चार कुत्री आणि दोन उंट. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये ही कला आपल्या देशात उभी केली. ती मरायला टेकलीय आणि आपण पास वाटणाऱ्याला झोडपतोय.

माझे वडील मागावर होते. होम मैदानात तंबू लागला की पाळी सुटल्यावर तसेच न्यायला यायचे, केसांत सुताची कुसं अडकलेली. झुल्यावरची मुलगी हात सोडायची तेव्हा ते माझं मनगट इतकं गच्च धरायचे की बोटांचे वळ उठायचे. आमच्या घरात दुसरी करमणूक नव्हती. आजच्या वस्तीतल्या पोरालाही ती का मिळू नये?

नान्नजचा_माळढोक
तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण ‘चार कुत्री आणि दोन उंट’ हे तुम्ही खुर्च्या मोजल्यासारखं लिहिलंय. २००१ च्या नियमांप्रमाणे खेळातल्या प्रत्येक प्राण्याची नोंदणी लागते, तो काय खेळ करणार तेही लिहून द्यावं लागतं. पास वाटण्याआधी साहेबांनी तो कागद बघायला मागितला का? पुढाऱ्यानं शेजारी उभं राहून फोटो काढला की तपासणीला येणारा माणूस दारातूनच माघारी जातो. आक्षेप त्यावर आहे, पोरांच्या करमणुकीवर नाही.

मी सहावीत असताना तंबूच्या मागच्या बाजूला गेलो होतो. तिथं हत्तीण होती. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय साखळीत. ती डोलत होती, एकाच लयीत, डावीकडे, उजवीकडे. मला वाटलं नाचतेय, मी टाळ्या वाजवल्या. साखळीखाली केस गेलेला, गुळगुळीत गुलाबी पट्टा पडला होता. ते डोलणं बांधून ठेवलेल्या जनावराला लागलेला रोग असतो, हे पशुवैद्यकीयला शिकायला गेल्यावर कळलं. त्या टाळ्यांची लाज अजून वाटते.

शेंगाचटणी
हत्तीचं काढलंत म्हणून विचारतो. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं जामनगरला नेली. अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, म्हातारी माणसं रडत होती. तेव्हा तुम्ही लोक कोर्टाच्या बाजूनं होता. आणि आमच्या गल्लीत रात्री अकरानंतर कुत्र्यांमुळं बाहेर पडता येत नाही, माझ्या भाचीला चौदा टाके पडले, तेव्हा एकही प्राणीमित्र फिरकला नाही.

नान्नजचा_माळढोक
भाचीला झालं ते वाईटच. पण निर्बीजीकरण हे महापालिकेचं काम आहे, त्यासाठी मी स्वतः तीन अर्ज दिलेत. महादेवीबद्दल मी गप्प होतो, कारण मला दोन्ही बाजू पटत होत्या.

गाळप_हंगाम
सगळे सर्कशीवर भांडताय म्हणून बोलतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत हे इथं कुणाला सांगायला नको. हंगामात रात्री बाराला कारखान्याच्या रस्त्यावर जाऊन बघा. गाडीवर पुरुषभर उंच ऊस, चढावर बैल गुडघ्यावर येतो, तोंडातून फेस. जुंपायच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत: दिवसाला नऊ तासांच्या वर जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, पारा ३७ च्या वर गेला तर दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. सोलापुरात मार्चअखेरीस दुपारी ३७ च्या खाली पारा किती दिवस असतो? आणि कारखाने कुणाचे? सगळ्या पक्षांचे पुढारी त्यात आहेत. दोन उंटांसाठी माफी मागायला लावणं सोपं असतं. चेअरमनला विचारून दाखवा.

सात_रस्ता
हेच म्हणायचं होतं मला!

वाढं_आणि_कोयता
थांबा. माझा बाप बीडहून वीस वर्षं इकडं ऊसतोडीला येतोय. नियम वाचून दाखवायला सोपं आहे. गाडी भरते ती मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीच्या ओझ्यानं. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, कमी भरली तर उचल फिटत नाही. बैल आमचा आहे, कारखान्याचा नाही. त्याच्या खुरांना पत्री मारायचे पैसे बाप देतो, रात्री कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभं असताना आधी बैलाला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घालतो आणि मग स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडतो. गेल्या साली उतारावर आमचा ‘सर्ज्या’ घसरला, पाय मोडला. आई दोन दिवस जेवली नाही. आम्हाला क्रूर म्हणणाऱ्यानं एकदा त्या पालात राहून बघावं!

गाळप_हंगाम
तुम्हाला क्रूर म्हटलं नाही मित्रा. चेअरमनचं नाव काढलं होतं मी.

वाढं_आणि_कोयता
कारवाई होते तेव्हा दंडाची पावती चेअरमनच्या नावानं फाटत नाही, गाडीवानाच्या नावानं फाटते. गाडी जप्त केली तर त्या रात्री आम्ही झोपायचं कुठं?

नान्नजचा_माळढोक
हे मात्र खरं आहे आणि आमच्या लोकांनी याचा विचार केलेला नाही, मान्य करतो. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः पोलिसांना फोन करून एक गाडी अडवली होती. तो गाडीवान हात जोडून उभा होता आणि मला वाटत होतं की मी चांगलं काम करतोय. पुढं त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तरीही उंटाचा फोटो चूक होता, त्यावर मी ठाम आहे.

शेंगाचटणी
बैलगाडा शर्यतींना २०२१ मध्ये कोर्टानं परवानगी दिली तेव्हा हेच पुढारी घाटात गुलाल उधळत होते. तिथं कोण माफी मागणार?

गाळप_हंगाम
शर्यतीचा वेगळा धागा काढ बे. इथं ऊस चाललाय.

सात_रस्ता
नोंदणीच्या कागदाचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पटला असं म्हणायला जड जातंय, पण पटला. मी उद्या तंबूत जाऊन व्यवस्थापकाला कागद विचारतो. नसेल तर इथंच लिहीन आणि त्या साहेबांनाही कळवीन. झुल्यावरच्या मुलींचा खेळ मात्र मी पोरांना घेऊन बघणार, त्यावर कुणी बोलू नये.

वाढं_आणि_कोयता
कागद तपासून झाला की एकदा काट्यावरही या. गाड्यांच्या रांगेत बैलांना पाणी प्यायला हौद नाही. रात्रभर उभी असतात. बाप लांबच्या बोअरवरून दोन कळश्या आणतो, एक ह्या बैलाला, एक त्या. तेवढा हौद तरी बांधून मिळतो का ते बघा, तुम्ही दोघंही.

नान्नजचा_माळढोक
कुठला कारखाना ते खासगीत कळवा. शनिवारी रात्री येतो.