पाठीवरची छोटी सॅक : डोंगर, पळणं आणि रोजची सायकल. तुमचे अनुभव लिहा

मोठ्या सॅकबद्दल विचारलं तर कुठलाही सातारकर ट्रेकर तासभर बोलेल. हा धागा त्यासाठी नाही. पहाटे अजिंक्यतारा, जमेल तेव्हा यवतेश्वरच्या घाटात पळणं आणि रोज सायकलवरून कामावर जाणं, या तिन्हीत पाठीवर राहील अशी १० ते १८ लिटरची, रिकामी असताना अर्ध्या किलोच्या आतली सॅक कुणी वापरतंय का? वापरत असाल तर नुसतं कंपनीचं नाव आणि किंमत टाकू नका. आत काय भरता, कुठे टोचते, काय आधी तुटलं, ते लिहा.

माझं मत आधीच सांगून टाकतो : लिटरचा आकडा बघून सॅक घेऊ नये. रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघण्यालाही अर्थ नाही, रिकामी असताना सगळ्याच छान बसतात. दुकानात जाताना पाण्याच्या लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या घेऊन जावं. त्या आत टाकायच्या, छातीचा पट्टा लावायचा आणि जागच्या जागी उड्या मारायच्या. दुकानदार हसला तर हसू दे. दोन किलो वजन पाठीवर आपटतंय की पाठीबरोबर हलतंय, ते दहा उड्यांत कळतं.

लिहा आता.

शाहूपुरीहून, पळणारी

दादा, पळण्यापुरतं मी बोलते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होतेय. स्पर्धेच्या दिवशी वाटेत पाणी मिळतं, त्यामुळे पाठीवर काहीच लागत नाही. सॅकचा प्रश्न येतो सरावाला. आणि तोही गंमत म्हणजे चढाला नाही, उताराला. यवतेश्वर चढताना आपण पुढे झुकलेलो असतो, पावलं छोटी पडतात, सॅक मुकाट बसून राहते. परत फिरून उतरायला लागलं की तीच सॅक प्रत्येक पावलाला खांदे ओढते.

म्हणून पळायला मी पाच लिटरचं जॅकीटसारखं व्हेस्ट वापरते. छातीवरच्या दोन खिशांत अर्ध्या लिटरच्या मऊ बाटल्या. पिऊ तशा त्या आक्रसत जातात, त्यामुळे पाणी डुचमळत नाही. मागे विंडचीटर, मोबाइल, किल्ली, दोन चिक्क्या. एवढंच. त्यात डबा जात नाही, लॅपटॉप तर नाहीच, म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन कामांना ते बाद.

पाण्याची पिशवी आणि नळी वापरणाऱ्यांसाठी एक युक्ती. पिशवी भरून झाकण लावलं की ती उलटी धरायची आणि नळीतून आतली हवा ओढून घ्यायची. पाणी यायला लागलं की थांबायचं. हवाच उरली नाही तर पाठीमागे ते डुबुक डुबुक होत नाही. आणि घरी आल्यावर पिशवी धुऊन, निथळून सरळ फ्रीजरमध्ये. बुरशी धरत नाही.

देगाव एमआयडीसीला जाणारा

मी काय पळत न्हाई. सायकल रोजची, शिफ्टप्रमाणं. सॅकमधी डबा, बाटली, टॉवेल, एक शर्ट, पावसाळ्यात रेनकोट. लय लोक १८-२० लिटरची उभट सॅक घेत्यात आन मग म्हणत्यात मान दुखती. अवो, सायकलवर वाकलं की उभट सॅकचं टोक हेल्मेटला लागतं. मान वर करून समोर बघता येत न्हाई. बुटकी आन रुंद सॅक बघा. १५ लिटर बास.

दुसरं म्हंजे डबा. सॅकमधी डबा उभा ऱ्हातो, आन उभ्या डब्यातनं आमटी येतीच, झाकण कितीबी घट्ट लावा. मी आमटी येगळ्या छोट्या फिरकीच्या डब्यात घेतो आन तो बाटलीच्या बाजूच्या जाळीत ठेवतो. सांडली तर बाहेर सांडंल.

कमरेचा पट्टा बिनपॅडचा, नुसत्या नवार पट्टीचा असला तरी चालतो, पर असावा. न्हाईतर उठून पायडल मारताना सॅक एका बाजूला घसरती. आन वापरत नसताना त्याची टोकं सॅकच्या मागं बांधून ठेवा, लोंबती ठेवू नका. चाकात गेली म्हंजे कळंल.

धागाकर्ता

फिरकीच्या डब्याची युक्ती आवडली. पावसाचं कुणीतरी लिहा. जुलैत कासच्या रस्त्याला गेलं की माझ्या सॅकचं ‘वॉटरप्रूफ’ लेबल तेवढं कोरडं राहतं.

मेढ्याहून, शिक्षिका

आमच्या जावळीतल्या पावसात वॉटरप्रूफ या शब्दाला काही किंमत नाही. कापड पाणी अडवतं, शिवण अडवत नाही. सुई गेली तिथे भोक आहे, आणि स्वस्त सॅकच्या शिवणींवर आतून टेप मारलेली नसते. चेनमधून येतं ते वेगळंच.

बरोबर येणारं रेनकव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून उतरतं आणि तिथूनच आत शिरतं. कव्हर चढवलेलं, तरी आतली वही ओली. शिवाय सायकलवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं : सॅकच्या मागच्या लूपला लाल लुकलुकता दिवा लावला असेल तर कव्हर चढवल्यावर तो आत जातो. धुक्यात घाट उतरताना दिवा लागतो आणि नेमका तेव्हाच तो झाकलेला. दिवा सीटच्या दांड्याला लावावा.

मी कव्हर वापरणं सोडून दिलं. किराणा दुकानदाराकडून साखरेच्या पोत्यातली आतली जाड प्लॅस्टिकची पिशवी मागून घेते, ती सॅकच्या आत घालते, सामान तिच्यात आणि तोंडाला पीळ देऊन दुमडते. सॅक भिजू दे, सामान कोरडं राहतं. वासोटा किल्ल्याला मात्र वनखात्याचे लोक प्लॅस्टिक मोजून घेतात, तिथे ती पिशवीसुद्धा मोजण्यात सांगायची आणि परत आणायची.

आणखी एक, बायकांसाठी. माझी उंची पाच फूट. बहुतेक सॅक पुरुषाच्या पाठीच्या मापाने बनवलेल्या असतात, त्यामुळे कमरेचा पट्टा माझ्या मांड्यांवर येतो. मग तो असून नसल्यासारखा. छातीचा पट्टा खालीवर सरकणारा आहे का ते आधी बघा. एकाच जागी शिवलेला असेल तर नेमका नको तिथे काचतो. तो पट्टा छातीच्या वर, गळ्याच्या हाडाखाली चार बोटं यायला हवा. ओढणी घेत असाल तर ती सॅकच्या आत घालूनच पट्टे लावा, नाहीतर बकलमध्ये अडकते.

दहिवडीहून

तुमचं पावसाचं चालू द्या. आमच्या माण तालुक्यात सॅक घेताना रेनकव्हर आहे का असं कुणी विचारत नाही, पाणी किती मावतं ते विचारतात. मार्चनंतर वारूगड किल्ला करायचा तर माणशी तीन लिटर, म्हणजे नुसतं पाणीच तीन किलो. १० लिटरच्या पातळ पट्ट्याच्या सॅकला ते झेपत नाही. पट्टा दोरीसारखा खांद्यात रुततो. इथे मी हलक्यापणाचा हट्ट सोडला. दीडशे-दोनशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील, पट्टा रुंद आणि आत फोम हवा.

पाठीला जाळी ताणलेली आणि मध्ये पोकळी असलेली सॅक उन्हात खरंच सुख देते, वारा खेळतो. पण ती पोकळी पळताना नडते, वजन पाठीपासून लांब जातं आणि झोका घेतं. आमची पोरं म्हणाल तर दप्तर घट्ट आवळून शाळेला पळत जातात, त्यांना कुणी व्हेस्ट दिलं नाही. ललिता बाबर मोहीच्या, आमच्याच तालुक्यातल्या. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाल्या. हे उगाच सांगितलं, पण माणातला माणूस हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

कराडहून

एकात तीन होत नाही. पळायला व्हेस्ट, बाकी दोन्हीला १५ लिटरची. विषय संपला. आगाशिवच्या डोंगरावर चढताना आणि ऑफिसला जाताना तीच सॅक चालते, फक्त शनिवारी रात्री लॅपटॉप काढायला विसरू नका.

सांगलीहून, तुमच्या धाग्यात घुसलेला

आमच्याकडे सगळं सपाट. दंडोबा सोडला तर डोंगर म्हणून दाखवायला काही नाही. सायकलवर पाठीला सॅक लावायचीच कशाला? कॅरिअरला बांधा की. पाठ कोरडी, शर्ट कोरडा. एप्रिलमध्ये मिरजेपर्यंत सॅक लावून गेलो तर ऑफिसात पाठीवर सॅकचा नकाशा उमटलेला असतो.

धागाकर्ता

सांगलीकर, मुद्दा मान्य, पण कॅरिअरला बांधलेला लॅपटॉप आमच्या रस्त्यांवर खड्ड्याखड्ड्याला आदळतो. पाठ निदान झटका गिळते. डबा कॅरिअरला आणि लॅपटॉप पाठीला, हे मात्र जमेल.

मोती चौकाजवळ, बॅग दुरुस्तीचं काम

माझ्याकडे छोट्या सॅक येतात त्या बहुतेक तीन कारणांनी.

पहिलं, चेन. लोक म्हणतात चेन गेली, पण चेनचे दात शाबूत असतात, रनर, म्हणजे चेन उघडझाप करणारा सरकता तुकडा, ढिला झालेला असतो. बंद केलेली चेन मागून उघडत आली तर समजायचं रनरचं तोंड फाकलंय. पक्कडने रनरच्या दोन्ही बाजू मागच्या टोकाला अलगद दाबायच्या, एक बाजू मग दुसरी. जोर लावला तर तुटतो. एवढ्याने पुष्कळ चालते. नाहीच झालं तर रनर बदलायचा, अख्खी चेन उसवायची गरज नाही. नवीन घेताना चेन बारीक दाताची, ३ नंबरची असेल तर ती खिशाला ठीक, मुख्य कप्प्याला निदान ५ नंबर पाहिजे. हलकी सॅक बनवायच्या नादात इथेच काटकसर करतात.

दुसरं, खांद्याचा पट्टा वरच्या शिवणीतून निघणं. घेताना सॅक उलटी करून आत बघा. पट्टा जिथे शिवलाय तिथे आडवी-उभी फुलीची शिलाई आहे की नुसती एक सरळ ओळ? सरळ ओळ असेल तर माझ्याकडे दोन रुपयांचा दोरा आणि माझी मजुरी लागणार, हे धरून चाला. सॅक एका खांद्यावर लटकवायची सवय असेल तर लवकर.

तिसऱ्याला माझ्याकडे औषध नाही. जुनी सॅक आतून चिकट होते, पांढरा-पिवळा पापुद्रा सुटतो, वास मारतो. पाणी अडवायला आतून जो पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) थर दिलेला असतो तो ओलसर हवेत हळूहळू कुजतो. वापरली नाही, नुसती माळ्यावर गुंडाळून ठेवली तरी होतं. उलट ओली ठेवली तर जास्तच. आतून सिलिकॉनचा थर असलेलं कापड असं चिकटत नाही, पण ते महाग, आणि गुळगुळीत असल्यामुळे शिवायला त्रासाचं.

गोडोलीहून, विद्यार्थी

काका, मग पॅराशूट कापडाची, मुठीत मावते अशी घडीची सॅक घ्यावी का? सव्वाशे ग्रॅमची आहे. चार भिंतीची टेकडी चढायला आणि कॉलेजला, दोन्हीला.

मोती चौकाजवळ, बॅग दुरुस्तीचं काम

घडीची सॅक दुसऱ्या सॅकमध्ये ठेवायला चांगली. तिला पाठ नसते, त्यामुळे बाटलीचं बूड थेट मणक्याला लागतं. पाठीच्या बाजूला घडी घातलेला टॉवेल किंवा एखादी वही ठेवलीस तर चालेल. कॉलेजच्या पुस्तकांना मात्र नको, कोपऱ्यांनी फाटेल.

शाहूपुरीहून, पळणारी

व्हेस्ट असो की सॅक, ती धुवायची कशी हे कुणी लिहिलंच नाही. पट्ट्यांवर घामाच्या मिठाचे पांढरे डाग पडतात, तेच मग मानेला घासतं. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आतला थर सुटतो. बादलीत कोमट पाणी, थोडा अंगाचा साबण, मऊ ब्रश, पट्टे आणि पाठ तेवढी घासायची. पिळायची नाही. सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगायची. पावसाळ्यात पंख्याखाली, आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात नाही.