भुयारी रेल्वे की पायी? तुमचे अनुभव लिहा

टेम्सकाठची
भाची शिकायला लंडनला गेलीय. परवा फोनवर म्हणाली, "मावशी, लेस्टर स्क्वेअरहून ट्यूबने कॉव्हेंट गार्डनला गेले, बसेपर्यंत उतरायचंच आलं." माझी सुरुवातीची वर्षं आठवली. ट्यूब म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, आणि या दोन स्टेशनांत जेमतेम २६० मीटर! खाली उतरा, फलाट गाठा, पलीकडे लिफ्टच्या रांगेत थांबा. तेवढ्यात वरच्या लाँग एकर रस्त्यावरून माणूस दुकानं बघत पोचतो. लिफ्ट टाळून जिना धरला तर १९३ पायऱ्या, त्याही गोल गोल.

घोळ नकाशाचा आहे. हॅरी बेकने १९३१ मध्ये काढला, १९३३ मध्ये छापला, आजचाही त्याच वळणाचा. गाडी कुठे बदलायची ते लख्ख कळतं, अंतर मात्र कळत नाही. पुढे ऑफिससाठी मी वॉटर्लूला उतरून रेल्वेपुलाशेजारच्या पादचारी पुलावरून एम्बँकमेंटला चालत जायला लागले. टेम्सला एवढी भरती-ओहोटी असते हे तेव्हा दिसलं. सकाळी जिथे चिखल आणि गोटे, संध्याकाळी तिथे भिंतीला लागलेलं पाणी. ट्यूबने वर्षानुवर्षं त्याच नदीखालून जात होते.

तुम्ही काय करता? कुठल्याही शहराचं लिहा.

खारीबिस्कीट
जुलैत ट्यूबची सेंट्रल लाइन, जीव नको होतो. सर्कल, डिस्ट्रिक्ट लाइनला एसी आहे, पण सेंट्रलच्या खोल बोगद्यांत गरम हवा जाणार कुठे? उन्हाळ्यात मी चालतेच. बाळ उठलं, नंतर लिहिते.

कॅम्डेनकर
आईबाबा आले तेव्हा बाबासाहेबांचं घर बघायचंच होतं. १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घेतलं. चॉक फार्म स्टेशन अगदी जवळ आहे. पण बाबा म्हणाले, "त्या घरी चालतच जाऊ." मग कॅम्डेन टाउनपासून कालव्याच्या काठाने गेलो. दारापाशी पोचल्यावर बाबांनी थंडीत बूट काढले आणि निळ्या पाटीकडे बघत उभे राहिले. आई काहीच बोलली नाही. मीही नाही.

टेम्सकाठची
@कॅम्डेनकर, वाचून डोळे भरले.

सांधेवाली
चालण्याचं कौतुक बरोबर, पण गुडघे साथ देत नसतील तर? निम्म्याहून जास्त ट्यूब स्टेशनांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येत नाही. सासूबाईंना मी बसनेच फिरवलं. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की खूश, पण तो जिना चढतानाही हात धरावा लागायचा.

व्हीटीवाला
मुंबईचं चालेल ना? ऑफिस नरिमन पॉइंटला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत आली, आता सीएसएमटीला लोकल सोडून भुयारातून विधान भवन. पावसाळ्यात कोरड्या कपड्यांनी ऑफिसात, फार मोठं सुख. थंडीत मात्र फोर्टातून चालतो. फ्लोरा फाउंटन, मग ओव्हल. मैदानात एकाच वेळी इतके सामने की कुठला चेंडू कुणाचा कळत नाही, आणि मागे राजाबाई टॉवर. ते सोडवत नाही.

खारीबिस्कीट
@व्हीटीवाला, फाउंटनपाशी जुन्या पुस्तकांवाले आहेत का हो अजून? कॉलेजात तिथूनच घ्यायचो.

व्हीटीवाला
आहेत, पण पूर्वीएवढे नाहीत.

नवीपेठ
आमच्याकडे पुण्यात सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो. वर आलं की तुळशीबाग. लक्ष्मी रोडला गाडी लावायची कटकट संपली. गौरीचे मुखवटे आणायला गेले होते, पिशव्या घेऊन सरकता जिना म्हणजे आशीर्वाद.

सांधेवाली
मुखवटे कुठले घेतलेस? शाडूचे?

नवीपेठ
पितळी. फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवते.

रात्रपाळी
@टेम्सकाठची, मुलगी पुढच्या महिन्यात जातेय. अंधारात एकटीने चालणं ठीक आहे का? डिसेंबरात चारलाच अंधार म्हणे.

टेम्सकाठची
हो, चारच्या सुमारास. तेव्हा मध्य भागात गर्दीच असते, त्यामुळे मोठ्या रस्त्यांनी खुशाल चालू दे. उशीर झाला तर ट्यूब किंवा बस, बागेतून आणि कालव्याकाठाने नको. टीएफएलने (लंडनची वाहतूक संस्था) २०१५ मध्ये स्टेशनांमधली चालायची मिनिटं दाखवणारा नकाशा काढला, तो तिला पाठवा. वॉरन स्ट्रीट ते युस्टन स्क्वेअर, क्वीन्सवे ते बेजवॉटर, यांना गाडी लागतच नाही. आणि बूट पाणी न शिरणारे घ्या.

रात्रपाळी
घेतले कालच. थँक्यू ताई.